चौथ्या गाडीचा डबा

मी एक जुना, पत्र्याचा, सील न फोडलेला डबा आहे. माझ्या पोटात पांढरी पावडर आहे. मित्रांनो, पाण्याखाली काँक्रीट ओतलं की पाणी त्यातलं सिमेंट धुऊन नेतं आणि मागे नुसती खडी उरते. माझी पावडर मिसळली की काँक्रीट चिकट होतं, एकसंध राहतं, पाण्याला दाद देत नाही. या गुणाचा मला फार तोरा होता.

नदीवर पूल बांधत होते, तिथे मी आलो. काँक्रीटच्या एका गाडीला एक डबा, हे प्रमाण प्रयोगशाळेतल्या ताईंनी ठरवलं होतं. संध्याकाळी मिक्सरवाल्या मामांनी रिकामे डबे त्यांच्या दारात मांडायचे आणि ताईंनी ते मोजायचे, असा तिथला शिरस्ता. ताईंचा धाकटा भाऊ पाणबुड्या होता. बुडी मारून तो खांबाचा पाया तपासायचा. पाणी इतकं गढूळ की डोळ्यांचा काही उपयोग नसे. "ताई, खाली हात सांगेल तेच खरं," असं तो हसत म्हणायचा.

माझ्या भाऊबंदांनी मामांच्या मात्र नाकी नऊ आणले होते. चिकट माल ड्रमला धरून बसायचा, तो खरवडताना त्यांचे हात सोलवटायचे. त्या दिवशी तिसऱ्या गाडीचा माल पाइपात तुंबला. मामा वाईट नव्हते, वैतागले होते. "तीन गाड्यांत पडलंय ना, चौथीला चालून जाईल," असं पुटपुटत त्यांनी मला पोत्यांमागे सरकवलं. संध्याकाळी माझ्या जागी आदल्या दिवशीचा एक रिकामा डबा मांडला. ताईंनी मोजले. चार भरले.

आठ दिवसांनी भाऊ खाली उतरला. चौथी गाडी ओतली होती तिथे त्याच्या हाताला सुटी खडी लागली असणार. तो चाचपत आत शिरला आणि वरचा भाग खचून त्याच्या अंगावर बसला. काठावरचा पंप त्याला हवा पुरवतच राहिला. तो बंद करायला बराच वेळ कुणी धजावलं नाही.

चौकशीत ठरलं, पावडरचं प्रमाणच कमी धरलं गेलं. ताईंनी मान खाली घालून ते कबूल केलं.

मामांनी मला टाकूनही दिलं नाही. ताईंसोबतच्या दर नव्या कामावर अवजारांच्या पेटीत तळाशी घालून नेत राहिले. अजून कुठे पंप सुरू झाला की माझा पत्रा थरथरतो. वाटतं, तो अजून खाली चाचपतोय आणि त्याला हवं ते माझ्या पोटात पडून आहे. मला स्वतःचीच भीती वाटते.

अकरा वर्षांनी, निवृत्तीच्या दिवशी, मामांनी मला ताईंच्या टेबलावर ठेवलं. "ताई, हा त्या दिवशीचा. चौथ्या गाडीचा."

ताईंनी सीलवरून बोट फिरवलं. "म्हणजे माझं प्रमाण बरोबर होतं." मग आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात, मामा."



मित्रांनो, तुमच्या हातूनही चुका होतील. लाज वाटेल, बोलणी खावी लागतील. ती खा. पण चूक त्याच दिवशी सांगा. तेव्हा माणूस अजून काठावर उभा असतो, कोरड्या कपड्यांत.