आसगावच्या बांधीत माझा पंखा

मित्रांनो, अंगानं जाडजूड, कोपऱ्याला टवका गेलेला असा मी एक जुना लॅपटॉप आहे. आधी नागपूरच्या एका ऑफिसात एसीत बसून होतो, जग पाहिलंच नव्हतं. मग पवनीच्या डिंपलनं मला सेकंडहँड घेतलं आणि लग्नाचे व्हिडिओ कापता कापता अख्खा भंडारा जिल्हा दाखवला. माझा पंखा जरा तोंडाळ. ऐन मंगलाष्टकात मी असा घरघरायचो की वऱ्हाडी वर बघून हेलिकॉप्टर शोधायचे. मजा यायची, खोटं कशाला सांगू?

डिंपल मात्र वैतागली. या पावसाळ्यात तिनं भंडाऱ्याच्या दुकानात एक चांदीसारखा पातळ लॅपटॉप पसंत केला. दुकानाच्या गारव्यात काय झगमगत होता! दुकानदार ओळखीचा. म्हणाला, आधी वापरून पाहा, मग ठरव. डिंपलनं मला खताच्या थैलीत कोंबलं, अडीनडीला असावा म्हणून, आणि आम्ही आसगावला गेलो, धानाची रोवणी शूट करायला.

थैलीच्या फटीतून मी बाहेर बघितलं. पंखा बंद होता, नाहीतर तोही थांबला असता. तलावाच्या पाळीपासून पार रानापर्यंत धानाच्या बांध्या, त्या बांध घातलेल्या शेतांत नुसतं पाणी, पाण्यात आभाळ, आणि त्या आभाळात वाकलेल्या बाया पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत मागं मागं सरकत होत्या. त्या जिथून सरकत, तिथं हिरवं उभं राही. हात कितीतरी, गाणं एकच. इतकी चित्रं पोटात घेऊन फिरणारा मी, पण असं काही पाहिलं नव्हतं.

बायांची मुखिया कौशल्याबाई. मागं कोणी एक जण शूटिंग करून गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही, म्हणून तिनं डिंपलला बजावलं होतं, "आधी आमाले दाखव, मंग गावाबाहेर ने. नाई तं पुसून टाक." आज रोवणीचा शेवट. उद्या ही टोळी दुसऱ्या गावांत पांगणार. म्हणजे दिवस मावळायच्या आत फिल्म कापून दाखवायची, नाहीतर सगळं गेलं.

डिंपल मोहाच्या झाडाखाली बसली, चांदीवाला उघडला. उजेडात त्याच्या चकचकीत पडद्यावर दिसलं काय? तिचंच तोंड आणि वरचे ढग. कौशल्याबाई पाणी प्यायला आली, वाकली, त्यात बघून केस सारखे केले आणि म्हणाली, "आरसा मस्त हाय, पोरी." वर कॅमेऱ्याचं कार्ड घालायला त्याला खाचच नाही, आणि अडॅप्टर राहिला पवनीत. मी थैलीत खुदुखुदु हसलो.

मग माझी वरात निघाली. माझा पडदा मळकट, पण उजेडात दिसतो. कार्ड थेट पोटात. डिंपलनं माझ्यासकट डोक्यावर ओढणी घेतली आणि कापायला बसली. पंखा असा बोंबलला की बांधावरची बकरी दावं तोडून पळाली. बॅटरी उतरत होती, अंग भाजत होतं. पण तिची बोटं थांबेनात, मग मी कसा थांबू?

तिकडं रोवणी संपली. बायांनी रिवाजाप्रमाणे शेतमालक ईश्वरभाऊला चिखलानं माखलं, त्याच्याकडून जेवण कबूल करून घेतलं आणि तशाच चिखलाच्या हातांनी माझ्याभोवती जमल्या.

डिंपलनं व्हिडिओ सुरू केला. पाळीवरून घेतलेलं ते हिरवं, ते पाणी. एकमेकींना टोमणे मारणाऱ्या बाया पडद्यावर वाकल्या.

कौशल्याबाई पडद्याजवळ सरकली. "हे तं माही माय हाय. हिले कुठून आनलं?"

शेजारची बायजाबाई हळूच म्हणाली, "अवं, तूच हायस ते. तुही माय जाऊन किती सालं झाली."

कौशल्याबाई बघतच राहिली. ती वाकलेली पाठ, तो खोचलेला पदर. जन्मभर रोवणी केली, पण रोवताना स्वतःला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी शेवटच्या दमावर पुन्हा दाखवलं.

मग ती डिंपलला म्हणाली, "ने आता. पन सांभाळून ने. माय हाय त्यात."

चांदीवाला दुकानात परत गेला. मित्रांनो, लॅपटॉप निवडाल तर गारव्यात भुलू नका, जिथं राबवायचा तिथं नेऊन बघा. आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या पंख्यावरची धूळ तेवढी झाडत जा. आत कोणाची माय असेल, सांगता येत नाही.