उत्तर खाली लिहावे

प्रोग्रामबद्दल काही विचारायचं असेल तर लिस्टवर लिहा, असं तिने सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती, आणि तिला वाटलं होतं की विषय मिटला. एवढं ऐकलं की लोक सहसा नाद सोडतात. सासरे मात्र जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केलेले. एखादी गोष्ट अमुक खिडकीवर मिळते असं कळलं की ते त्या खिडकीवर जाऊन उभे राहत.

प्रोग्राम तिचा होता. शिकत असताना लिहायला घेतला आणि मग तो गळ्यात पडला तो पडलाच. जमिनीवरच्या बिंदूंची मापं दिली की तो नकाशा काढून द्यायचा. फुकट होता, मूळ मजकुरासकट, म्हणजे कोडसकट, कुणालाही उघडा होता, म्हणून दूरदूरचे लोक तो वापरत: उत्खनन करणारे, डोंगर चढणारे, एक जण तर मधमाश्यांच्या पेट्या कुठे ठेवल्यात त्याची नोंद ठेवायला. हे सगळे एका मेलिंग लिस्टवर होते. एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांच्या टपालात जाऊन पडायचं, आणि ज्याला उत्तर ठाऊक असेल त्याने द्यायचं. प्रत्यक्षात उत्तर द्यायचे दोघंच. एक ती, आणि दुसरा एक गृहस्थ, ज्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पत्रांतला सूर बघून तिच्या नवऱ्याने त्याचं नाव खवीस ठेवलं होतं.

दिवसभर ती एका विमा कंपनीच्या संगणक विभागात बसायची. तिथून घरी आल्यावर लिस्ट. हल्ली ती पत्रं उघडायची, वाचायची, आणि उद्या बघू म्हणून तशीच ठेवून द्यायची.

सासऱ्यांना हा प्रोग्राम हवा होता त्याला कारण सासूबाई. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि आता त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. सासरे टेप घेऊन गल्लीगल्लीतून फिरत, फुटपाथची कड किती उंच आहे, कुठे उतार आहे, कुठे खांब मध्येच रोवलाय, सगळं मोजत. खुर्ची न उचलता कुठून कुठे जाता येईल याचा त्यांना नकाशा करायचा होता. उतार दाखवायची सोय प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीतच होती, आणि ती अजून तयार स्वरूपात निघाली नव्हती. म्हणजे मूळ मजकूर उतरवून घ्यायचा आणि आपल्या संगणकावर स्वतः जोडून चालता करायचा. याला बिल्ड म्हणतात. सासऱ्यांचं बिल्ड शेवटच्या टप्प्यावर येऊन अडायचं. पानभर चुका ओकायचं आणि थांबायचं.

आठवडाभर ते जेवताना रोज विचारत राहिले. शेवटी तिने सांगितलं, की घरात नको, मी घरी आल्यावर माझ्यात काही उरलेलंच नसतं, आणि सगळ्यांना एकच नियम आहे.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "वशिला नको."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने लिस्ट उघडली आणि तिला सासऱ्यांचं पत्र दिसलं. विषय होता, 'तातडीचे'. सुरुवात 'माननीय महोदय' अशी. खाली वय, निवृत्तीचं पद, पत्नीच्या प्रकृतीचा तपशील, आणि मग संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, वाकडा, त्यात अर्ध्याअधिक खिडकीचाच उजेड. शेवटी, 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.'

खविसाचं उत्तर तासाभरात आलं. फोटो पाठवू नये, मजकूर पाठवावा. विषयात नेमकी अडचण लिहावी. कुठली आवृत्ती, कुठलं यंत्र, ते सांगावं. बाकी इतिहास नको.

सासऱ्यांनी लगोलग उलट लिहिलं. आभार मानले, मजकूर पाठवला, पण सगळाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, लांबच लांब. उत्तर वर लिहिलं आणि खविसाचं पत्र जसंच्या तसं खाली लटकत ठेवलं. शिवाय ते लिस्टला न जाता एकट्या खविसाला गेलं. खविसाने ते लिस्टवर आणून सर्वांसमोर सांगितलं, की खाजगीत लिहू नये, आधीच्या पत्रातला लागेल तेवढाच भाग ठेवावा, बाकी छाटावा, आणि उत्तर त्याच्या खाली लिहावं. यावर मधमाश्यावाला म्हणाला, की हल्ली सगळे वरच लिहितात. उत्खननवाली म्हणाली, हल्ली सगळे काय करतात हा निकषच नव्हे. मग जे कित्येक महिने झोपले होते ते उठून बसले. दुपारपर्यंत उत्तर वर की खाली यावर तीसेक पत्रं पडली. बिल्ड का अडलं याबद्दल एकही नव्हतं.

ती ते सगळं वाचत राहिली. लिहिणारा माझा सासरा आहे, जरा दमाने घ्या, एवढं लिहिता आलं असतं. पण मग तो वशिला झाला असता, आणि सासऱ्यांना तो आवडला नसता. तिने खिडकी बंद केली आणि विम्याच्या कामाला लागली.

घरी गेल्यावर सासरे त्याविषयी अवाक्षर बोलले नाहीत. सासूबाईंच्या खुर्चीच्या चाकाला तेल देत बसले होते. हात धुऊन आले आणि तिच्यासमोर चहाचा कप ठेवला. तिला वाटलं, रागावले असतील. पण ते दुसऱ्याच विचारात होते. लिस्टच्या नियमांचं पान त्यांनी छापून घेतलं होतं आणि कचेरीत शिकलेल्या सवयीने समासात बारीक खुणा केल्या होत्या.

"हे नियम कुणी लिहिलेत?" त्यांनी विचारलं.

"मीच."

त्यांनी समासातल्या एका खुणेवर बोट ठेवलं. "चिडून लिहिलेत."

तिने कागद ओढून घेतला. किती वर्षांत तिने ते पान वाचलं नव्हतं. 'आधी शोधा, मग विचारा. आम्ही तुमचे नोकर नाही. स्मरणपत्र पाठवल्यास उत्तर मिळणार नाही.' प्रत्येक ओळीमागे कोणीतरी एक माणूस होता. स्मरणपत्राची ओळ, मुलीला ताप होता त्या आठवड्यातली. एक जण दर दोन तासांनी 'काय झालं?' असं विचारायचा. नोकराची ओळ कोणासाठी होती ते तर तिला नावानिशी आठवत होतं. ती माणसं केव्हाच निघून गेली होती, आणि त्यांच्यासाठी काढलेला आवाज तेवढा दाराशी उभा होता, येणाऱ्या प्रत्येकावर ओरडत.

"आमच्या कचेरीत पण पाटी होती," सासरे म्हणाले. "'विनाकारण चौकशी करू नये.' ती लावणारे साहेब बदलून गेले, पाटी राहिली. लोक आमच्या खिडकीशी येताना आधीच मान खाली घालून यायचे. मला वाटायचं, लोकच असे आहेत."

त्यांनी कागद परत घेतला आणि आपल्या खोलीत गेले.

त्यानंतरचं त्यांचं पत्र बघण्यासारखं होतं. विषयात चूक नेमकी लिहिलेली. यंत्र, आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. चुकांच्या पानातल्या पहिल्या चार ओळी फक्त. माननीय नाही, महोदय नाही. खविसाच्या प्रश्नांखाली एकेक उत्तर, बाकी सगळं छाटलेलं. तिच्या बघण्यात इतकं नीट पत्र त्या लिस्टवर क्वचितच आलं असेल.

त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.

एक दिवस गेला, मग दुसरा, मग आठवडा. भांडायला काही उरलं नव्हतं म्हणून बाकीचे पुन्हा झोपले. खवीसही गप्प. सासरे सकाळी उठून टपाल बघत, दुपारी बघत, आणि टेप घेऊन बाहेर पडत. तिला विचारलं मात्र एकदाही नाही. ते न विचारणं तिला विचारण्यापेक्षा जड जात होतं.

खरं तर तिला उत्तर पत्र वाचता वाचताच कळलं होतं. सासऱ्यांच्या संगणकावर एका मदतनीस लायब्ररीच्या, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार तुकड्याच्या, दोन प्रती होत्या, एक जुनी नि एक नवी. बिल्ड सूचना जुनीच्या वाचत होतं आणि जोडायला नवी घेत होतं. दोघींचं जुळणार कसं? अर्ध्या मिनिटाचं काम. पण तिच्या टपालात त्यांच्या आधीची किती तरी पत्रं पडून होती, काही गेल्या वर्षातली, आणि ती लिहिणाऱ्यांपैकी कुणीही तिच्या घरात राहत नव्हतं.

नवऱ्याला हे पटेना. "अगं, भिंतीपलीकडे बसलेत ते. जाऊन सांगून टाक ना."

"मग बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं मला काय सांगतेस? बाबांचा चेहरा बघ जरा."

"चेहरा बघायलाही ताकद लागते," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. नवऱ्याने विचारलं, की तू शेवटची सुट्टी कधी घेतली होतीस. तिला आठवेना.

तिने सुट्टी टाकली. मुलगी शाळेत गेल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसली आणि सर्वांत जुन्या पत्रापासून उत्तरं द्यायला सुरुवात केली. कुणाला एका ओळीत, कुणाला सविस्तर, कुणाला 'हे मला माहीत नाही' असं सरळ. आधीही तसं सांगता आलं असतं, हे तिच्या ध्यानात आलं. मग उत्तराच्या आशेवर माणसं महिनोन्‌महिने थांबली नसती. काहींची पोच लगेच आली. एकाने लिहिलं, धन्यवाद, पण मी ती नोकरीच सोडली. एकीने लिहिलं, आम्ही दुसरा प्रोग्राम घेतला. दोनतीन पत्रं पत्ता बंद म्हणून परत आली. वाईट वाटायलाही तिला सवड नव्हती. सासूबाई खुर्ची ढकलत आल्या, तिच्या बाजूला थांबल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

सासऱ्यांच्या पत्राची पाळी दुपारी आली. तिने रीतसर लिहिलं, त्यांच्या चार ओळींखाली. तुमच्या यंत्रावर या लायब्ररीची एक जुनी प्रत कोणीतरी पूर्वी हाताने बसवलेली दिसते. ती काढावी. मग अर्धवट झालेलं बिल्ड पूर्ण पुसावं, कारण जुनी वाट त्याच्या लक्षात राहिलेली असते. नंतर पहिल्यापासून सुरू करावं. आणि उत्तराला उशीर झाला, क्षमस्व.

पत्र पाठवलं. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासरे बाहेर आले नाहीत. बराच वेळ टकटक ऐकू येत राहिली, मग थांबली, मग नुसता जुन्या संगणकाचा पंखा घरघरत होता. तिने टेबलावर डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा नवरा घरी आला होता आणि सासरे त्याच्यासमोर उभे होते.

"माझ्या संगणकावर कुणीतरी पूर्वी हाताने काय बसवलं होतं," ते शांतपणे विचारत होते, "ते कुणी?"

नवऱ्याने आधी बायकोकडे, मग छताकडे पाहिलं. तो संगणक वडिलांना देण्याआधी त्याचाच होता. सासूबाई हसायला लागल्या, आणि त्या हसल्या म्हणून बाकीचे हसले.

नकाशा झाला. त्यातून असं निघालं, की घरापासून न उचलता खुर्ची जाईल अशी एकच दिशा आहे, ती दवाखान्याकडची. सासूबाई म्हणाल्या, तिथे तर मला मुळीच जायचं नाही. सासऱ्यांनी तो नकाशा नगरपालिकेत दिला. तिथे तो कुठल्याशा टेबलावर आहे.

त्या आठवड्यात तिने खविसाला पत्र लिहिलं. खाजगीत, म्हणजे स्वतःचाच नियम मोडून. लिहिलं, की मी थकले आहे, वर्षभर तरी मला यातून बाजूला व्हायचं आहे, आणि प्रोग्राम बंद पडला तरी चालेल. तिला वाटलं होतं, कोरडं काहीतरी येईल. त्याने लिहिलं, की मीही थकलोय, त्या नीट पत्राला म्हणूनच उत्तर दिलं नाही. आळशी पत्राला खडसावायला विचार करावा लागत नाही, चांगल्या पत्राला मात्र बसून उत्तर द्यावं लागतं. आणि विचारलं, की ते मोजणीवाले गृहस्थ नव्या लोकांच्या पहिल्या पत्रांना उत्तरं देतील का. त्यांना लिहिता येतं.

गृहस्थ कोण ते तिने तेव्हा सांगितलं.

आता नियमांचं पान सासऱ्यांकडे आहे. ते तिच्या पानाच्या दुप्पट लांब झालंय, आणि त्यात एके ठिकाणी 'कृपया' तीनदा आलंय, म्हणून खविसाचं आणि त्यांचं जुंपलेलं असतं, रीतसर, छाटून, खाली उत्तर लिहून. उत्तर यायला काही आठवडे लागू शकतात, असं सर्वांत वर लिहिलंय. ते वाक्य खविसाचं आहे. ती यातलं फारसं वाचत नाही. ऑफिसातून येते, मुलीचा अभ्यास घेते, आणि अजूनही लवकर थकते. परवा जेवताना सासऱ्यांनी विचारलं, की एका माणसाचं बिल्ड अर्ध्यात अडतंय, चूक अशी अशी आहे, काय असेल. मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, राहू दे, जेव तू.

तिने घास गिळला, आणि सांगितलं.