केल्विनचे हात

"ये... ये... अजून ये..." माझा नवरा केल्विन दोन्ही हातांनी बोलावत होता आणि ब्रूनो त्याच्या भरवशावर आपली नवी कोरी कॅरॅव्हॅन, गाडीला जोडलेलं चाकांवरचं घर, मागे घेत होता. मी संडास धुऊन आले होते, हातातले रबरी मोजे काढत बाजूला उभी होते. व्हॅनच्या बरोब्बर मधोमध, मागे, कंबरेएवढा लाकडी खांब होता. मला वाटलं, आता हा थांबवेल. आता थांबवेल. केल्विन आपला "ये" म्हणतच राहिला, आणि फाडकन आवाज झाला.

संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे कॅरॅव्हॅनवाल्यांचा सगळा तळ आपापल्या खुर्च्या आणि बिअर घेऊन बाहेर बसलेला. नव्याने आलेला माणूस व्हॅन मागे कशी घेतो ते बघणं ही आमच्याकडची फुकटची करमणूक आहे. चाळीस वर्षं सुखाने संसार केलेली जोडपी त्या दहा मिनिटांत एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही, कारण केल्विन कधी चुकत नसे.

ब्रूनो खाली उतरला. मागची नंबरप्लेट दुमडली होती आणि पत्रा आत गेला होता.

"आंधळा आहेस का लेका? एवढा मोठा खांब दिसला नाही तुला?"

"तू ब्रेक उशिरा मारलास," केल्विन म्हणाला.

"मी? पिना, ऐकलंस का हा काय म्हणतोय? बत्तीस वर्षं संत्र्यांच्या बागेत ट्रॉल्या मागे घेतल्यात मी!"

"ओरडू नकोस, तुझं ब्लडप्रेशर वाढेल," त्याची बायको पिना गाडीतूनच म्हणाली. "आणि वाढलं तर डॉक्टर इथून ऐंशी किलोमीटरवर आहे."

ते दोघं भांडत असताना केल्विनने हात पुढे केला आणि तो खांब चाचपून पाहिला. वरपासून खालपर्यंत. 

खोटं कशाला बोलू, मला आधीच कळलं होतं. सकाळी टोस्टला जॅम लावताना अर्धा जॅम ताटलीला लागायचा. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघायचा. मी म्हणायचे, वय झालं, चष्मा बदलायला हवा. कळून न कळल्यासारखं करत होते, कारण कळलं असं कबूल केलं असतं तर पुढे काहीतरी करावं लागलं असतं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही अ‍ॅडलेडचं घर विकलं आणि ही व्हॅन घेतली. तेव्हापासून दर एप्रिलला आम्ही या खाडीवर येतो. इथले राष्ट्रीय उद्यानवाले आम्हाला 'यजमान' म्हणतात. ऐकायला मोठं वाटतं, पण काम म्हणजे संडास धुवायचे, चुलींतली राख काढायची, कुत्रा आणू नका म्हणून सांगायचं आणि एमू पक्ष्यांना सॉसेज चारू नका म्हणून ओरडायचं. त्याच्या बदल्यात सप्टेंबरपर्यंत व्हॅनला जागा मिळते, समुद्रापासून वीस पावलांवर. संडास माझ्याकडे. लोकांच्या व्हॅन लावून देणं केल्विनकडे, आणि त्या कामाचा त्याला कोण तोरा!

तोरा असायला कारणही होतं. छत्तीस वर्षं त्याने बंदरावर क्रेनवाल्यांना खालून खुणा करायचं काम केलं. वर काचेच्या खोलीत बसलेल्या माणसाला जहाजाच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. खालचा माणूस हाताने सांगेल तसं तो उचलतो, फिरवतो, ठेवतो. केल्विनच्या खुणेवर उचललेला एकही नग कधी कोणाच्या अंगावर पडला नाही. निवृत्त झाला त्या दिवशी तीन क्रेनवाले मला म्हणाले, "ग्लेनिस, याचे हात आमच्याकडेच ठेवून जा." मी म्हटलं, ठेवा, घरात तरी कुठे भांडी घासतात ते!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी त्याच्या तोंडासमोर हात धरला.

"किती बोटं आहेत?"

"काहीतरीच काय."

"किती आहेत, केल?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "कोपर दिसतंय. बोटं नाही दिसत. मधलं जातं, ग्लेन. कडेचं सगळं दिसतं, मधोमध धूर."

"कधीपासून?"

"नाताळपासून."

"आणि गेल्या गुरुवारी गॅस आणायला गाडी कोणी चालवली? मी शेजारी बसून स्वेटर विणत होते!"

"रस्ता सरळ आहे," तो म्हणाला.

मी हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. मग उठून ते उचललं आणि त्यातच तोंड खुपसून रडले. तो माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला. "उगी, उगी. मेलो नाही ना आपण," म्हणाला. असा माणूस!

गावातली डोळ्यांची डॉक्टर चांगली होती, पण तिने स्पष्ट सांगितलं. हे बरं होणार नाही, आणि गाडी आजपासून बंद. केल्विनने स्वतःच लायसन्स काढून तिच्या टेबलावर ठेवलं. येताना गाडी मी चालवली. ऐंशी किलोमीटर तो एक शब्द बोलला नाही, आणि एरवी याच्या तोंडाचा पट्टा गुरंढोरं दिसली तरी सुरू होतो.

परत आलो तर उद्यानाची रेंजर टेगन आमच्या व्हॅनपाशी उभी होती. खांबाची बातमी तिच्यापर्यंत गेलीच होती; डॉक्टर काय म्हणाली ते केल्विनने स्वतःच तिला सांगून टाकलं. मुलगी फार गुणी, आमच्या मुलाच्या वयाची. बोलताना तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"केल, तुम्ही जाऊच नये असं मला वाटतं. पण वणवा पेटला किंवा वादळाची सूचना आली तर यजमानांनी स्वतःची व्हॅन स्वतः बाहेर काढायला हवी. जोडप्यातल्या एकाला तरी ती ओढता आली पाहिजे. हे मला कागदावर लिहून द्यावं लागतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ग्लेनिस, तुम्ही ओढता ना?"

"ओढते की," मी म्हटलं.

धडधडीत खोटं! सहा वर्षांत व्हॅन जोडलेली असताना मी एकदाही स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"मग झालं," टेगनचा चेहरा उजळला. "शुक्रवारी पाचला येते. एकदा बाहेर काढा, वळसा घ्या आणि परत जागेवर लावून दाखवा."

ती गेल्यावर केल्विन म्हणाला, "डॅरनला फोन करून टाक."

डॅरन आमचा मुलगा. चांगला आहे हो, सूनही चांगली आहे. त्यांनी गॅरेजच्या मागे आमच्यासाठी खोली बांधून ठेवली आहे. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याचं पत्र्याचं कुंपण दिसतं. तिथे केल्विन सकाळी उठून काय करणार? कोणाला काय सांगणार? खुर्चीत बसून बसून तो संपून जाईल, हे मला लख्ख दिसत होतं.

"फोनबिन काही नाही," मी म्हटलं. "आज मंगळवार आहे. मला शिकव."

शिकवणं कसलं, ते युद्धच होतं. तो म्हणे, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर, व्हॅनचं मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात ने. सांगायला सोपं! मी हात डावीकडे नेला की व्हॅन डावीकडे जायची, तेही कबूल. पण ती जायची थांबायचीच नाही, आणि पाहता पाहता गाडी आणि व्हॅन कोपरात दुमडलेल्या हातासारखी व्हायची. पहिल्या दिवशी मी दोनदा झुडपात घुसले. एक एमू येऊन खिडकीतून माझ्याकडे बघून गेला.

"हळू, बाई! जहाज लावायचं नाहीये!"

"मग तू बस इथे!"

हे तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली. तो टोपी सारखी करून उभा राहिला.

बुधवारी सकाळी ब्रूनो आला. खांबाच्या प्रकारानंतर तो आमच्याशी बोलत नव्हता. हातात दोन लाल बादल्या होत्या. आमच्या जागेच्या तोंडाशी त्याने त्या दोन बाजूंना ठेवल्या.

"यांच्या मधून आत जा. बादली चेपली तर नवी आणायची, मी मोजून ठेवल्यात." मग केल्विनकडे वळून पुटपुटला, "डोळ्यांचं मला आधी सांगितलं असतंस तर मी आंधळा म्हटलं नसतं."

"म्हटलंस ते बरोबरच होतं," केल्विन म्हणाला.

"बरोबर होतं म्हणून तर वाईट वाटतंय ना गड्या."

गुरुवार संध्याकाळपर्यंत दोन्ही बादल्या चेपल्या, पण शेवटच्या चार वेळा मी आत गेले ती न शिवता. पिनाने टाळ्या वाजवल्या. ठरलं असं की शुक्रवारी मागे ब्रूनो उभा राहील आणि मला खुणा करेल. केल्विन टेगनबरोबर बसेल. केल्विन या सगळ्याला "हो, तेच बरं" म्हणाला. मला त्याचा आवाज आवडला नाही, पण मी मूग गिळून बसले.

शुक्रवारी पाचला तळावरच्या सगळ्या खुर्च्या बाहेर आल्या. टेगन कागद घेऊन उभी होती. मी व्हॅन बाहेर काढली, संडासांच्या मागून वळसा घातला, आणि आमच्या जागेसमोर येऊन थांबले.  आरशात बघते तर मागे ब्रूनो नाही. केल्विन उभा. अंगात बंदरावरचं जुनं नारिंगी जाकीट, पोटावर बटणं लागत नाहीत ते. ब्रूनो बाजूला खाली बघत उभा होता.

काय करणार होते मी? उतरून सगळ्यांसमोर सांगणार होते, की बाजूला हो, तुला दिसत नाही?

मी गिअर टाकला.

केल्विनने हात वर केले. काय सांगू तुम्हाला! ते हात मी बेचाळीस वर्षं पाहत आले, पण असे समोरून, आरशातून, कधी पाहिले नव्हते. बायको बंदरावर कशाला जाते? ताठ, सावकाश, जराही गोंधळ नाही. डावीकडे ये. बस. सरळ कर. ये. ये. त्या क्षणी मला कळलं की ते क्रेनवाले याच्या भरवशावर टनभर लोखंड माणसांच्या डोक्यावरून का नेत होते.

फक्त खुणा उशिरा येत होत्या. मी सरळ झाल्यावर तो 'सरळ कर' म्हणे. 'डावीकडे' म्हणाला तेव्हा मी डावीकडे गेलेच होते. तो माझ्याकडे बघतही नव्हता, मान जरा वळवून उभा होता. मग लक्षात आलं. तो कानांनी काम करत होता. टायर खडीवर कसे वाजतात, त्यावरून अंदाज घेत होता. डोळे कशावर तरी ठेवायचे म्हणून झाडावर ठेवले होते.

मी एक डोळा जमिनीवर आणि एक त्याच्या हातांवर ठेवून आत गेले. दोन्ही बाजूंना बरोबर. शेवटी आणखी दोन फूट मागे जायचं होतं. व्हॅनचं नाक अजून रस्त्यावर होतं. तेवढ्यात केल्विनने मूठ वळून हात वर धरला.

थांब.

पाय ब्रेकवर ठेवायचा की नाही, इतकाच काय तो वेळ होता. मला दिसत होतं की मागे जागा आहे. ब्रूनोलाही दिसत होतं. टेगनलाही.

मी थांबले. इंजिन बंद केलं.

 टेगनने रस्त्यावर आलेल्या व्हॅनच्या नाकाकडे पाहिलं, मग केल्विनच्या वर धरलेल्या मुठीकडे. तो ती खाली घ्यायलाच विसरला होता. मग तिने कागदावर खूण केली आणि सही केली.

"लागली व्यवस्थित," ती म्हणाली. "सप्टेंबरपर्यंत निश्चिंत राहा दोघं."

ब्रूनोने तोंड उघडलं. पिनाने त्यात चीजचा तुकडा कोंबला.

केल्विन व्हॅनच्या कडेला हात लावत लावत माझ्या खिडकीपाशी आला. घामाने डवरला होता आणि चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"बघितलंस? एका दमात! नुसतं सांगितलं तसं करायचं, दुसरं काही नाही."

"तू होतास म्हणून," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत आमची व्हॅन दोन फूट रस्त्यात उभी राहिली. येणारे-जाणारे जरा बाजूने गाडी काढत. नवीन आलेल्या कोणी विचारलंच, की यजमानांची व्हॅन अशी पुढे का, तर ब्रूनो खुर्चीतून न उठता सांगायचा, "तिथेच लावायची असते ती."