वळणावरचे सव्वा सेंटिमीटर

ताईच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दहा महिने झाले. पत्र दीड पानाचं होतं आणि त्यातला प्रश्न एका ओळीचा: "खरं सांग, आईचं झालं तसं माझंही डोकं जायला लागलंय का?"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं नकाशे काढले. तिची रेघ चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून गाड्या बांधायला लागली. दुकानातली तयार गाडी ठोकळ्यावरच्या सहा बटणांएवढी रुंद असते. ताईला ती पटेना. "हा डबा आहे का साबणाची वडी? माणूस बसवला तर गुडघे शेजाऱ्याच्या मांडीत!" मग तिने स्वतःची दहा बटणं रुंदीची गाडी काढली. खिडक्या, पायऱ्या, डब्याखालच्या नळ्या, सगळं त्याच मापात. एकेक डबा हातभराहून लांब.

मी छापखान्यात मुद्रितं तपासून म्हातारा झालो. हातांनी मला काही धड येत नाही, म्हणून तिने मला पुस्तकातलं काम दिलं. डबा सरळ असतो आणि रूळ वाकडे, त्यामुळे वळणावर डब्याचं पोट आतल्या बाजूला सरकतं. डबा जितका लांब, तितकं जास्त. ताईला स्टेशन नेमकं वळणावरच हवं होतं. फलाट किती मागे घ्यायचा ते मी एका पुस्तकावरून काढून दिलं: सरळ रुळाला जितकी जागा लागते त्यापेक्षा सव्वा सेंटिमीटर जास्त. त्या आकड्यावर तिने नकाशा काढला आणि सहा महिने खपून फलाट बांधला, छपरासकट, बाकांसकट.

पहिलाच डबा फलाटाला घासून अडकला.

"चार वेळा मोजलं," तिने लिहिलं होतं. "फलाट मागे घेता येतो रे, त्यात काय मोठंसं. पण माझा नकाशा चुकला कसा? तुझा आकडा पुस्तकातला. म्हणजे चूक माझ्याकडेच." आणि खाली तो प्रश्न.

मी पुस्तक उघडलं. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तक्त्यात वळणाचा व्यास दिला होता, एकशे साठ सेंटिमीटर. मी तो त्रिज्या समजून हिशेब केला होता. उत्तर निम्मं आलं. हवे होते अडीच.

फोनवर ताईला ऐकू येत नाही, आमचं सगळं पत्रांनीच चालतं. त्याच दिवशी लिहायला बसलो. पहिला कागद नुसताच रडका झाला, दुसऱ्यात मी पुस्तकाच्या छपाईला दोष देत होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केल्या, आणि ताईने आयुष्यात एकदाच माझ्यावर भरवसा टाकला तर हे. उद्या नीट लिहू, म्हणून ठेवून दिलं. तो उद्या काही उजाडला नाही.

पाच महिन्यांनी भाचीचा फोन आला. "मामा, आईने घर विकायला काढलंय. वृद्धाश्रमात खोलीही घेतली, मला न विचारता!"

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं ना. ते म्हणतात, वयाच्या मानाने ठणठणीत. ती म्हणते, त्यांना काय कळतंय, डबा अडकलाय. तू समजाव ना तिला. तुझं ऐकते ती."

"बघतो," मी म्हणालो. बघता बघता घर गेलं.

मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेलो. एक खाट, एक खुर्ची, एक कपाट, खिडकीसमोर भिंत. कपाटाच्या प्रत्येक खणावर तिच्या नकाशातल्या ताठ अक्षरांत चिठ्ठ्या होत्या: कपडे, औषधं, चष्मा. एका दारावर: हे न्हाणीघर.

"आलास का पुस्तक्या! बस. खाटेवर नको, वाळत घातल्यासारखा दिसतोस."

"ताई, या चिठ्ठ्या कशाला?"

"पुढे लागतील. आईच्या वेळी आपल्याला उशीर झाला होता."

"आणि गाडी?"

"मोडली. रंगवार पिशव्या भरून एका शाळेला दिली. चुकलेलं काम जपून काय करायचं?"

मी तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं.

"मी रागावले नाही हं. तू उत्तर दिलं नाहीस तेव्हाच समजले. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, म्हणून गप्प बसलास. तेवढी माया पुरे."

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा गार होतोय."

तिने माझ्यादेखत साखर घालून ढवळली होती. तरी चहा आणून दारात थांबलेल्या आश्रमातल्या बाईंना विचारलं, "मी साखर घातली का हो?"

"घातली की आजी, आत्ताच."

"बघ," ताई मला म्हणाली.

घरी येऊन लिहायला बसलो. नुसतं 'चूक माझी' म्हटलं तर तिला ती माझी मायाच वाटेल. म्हणून पुस्तकातल्या पानाची प्रत काढली, माझ्या वहीतलं हिशेबाचं पान तारखेसकट फाडलं आणि सोबत एवढंच लिहिलं:

"ताई, एकशे साठ हा व्यास आहे. मी त्रिज्या धरली. तुझा नकाशा बरोबर होता. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मला हे कळलं होतं आणि लाजेने मी गप्प बसलो. या गप्प बसण्यात तुझं घर गेलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ऐंशी सेंटिमीटरचा दोरा घेऊन कमान काढ, डब्याच्या पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराएवढी, चाळीसची पट्टी तिच्यावर दोन्ही टोकं टेकवून ठेव आणि मधोमध पट्टी नि कमान यांतलं अंतर तूच मोज."

आज सकाळी पोस्टात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट तोललं. "साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर. तिच्याच हातात पडायला हवं."

त्याने वृद्धाश्रमाचा पत्ता वाचला. "आजींना सही करता येते ना? नाहीतर परत येतं."

"येते," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा चांगली."

त्याने शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.