चांदाची रिकामी खाच

मित्रांनो, पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून ठेवलेल्या फळीकडे कुणी बघत नाही. तहान लागली की ती बाजूला करायची, पाणी घ्यायचं आणि पुन्हा ठेवून द्यायची. सूर्यमाळच्या अंगणवाडीत कित्येक वर्षं मी हेच काम केलं. मी एक जुनी सागवानी फळी आहे. पण झाकण होण्यासाठी माझा जन्म झाला नव्हता. ती सगळी गोष्ट आज तुम्हाला सांगावीशी वाटते.

जव्हारच्या बाजारात कुतुबुद्दीनचाचा नावाचे सुतार होते. त्यांच्या दुकानात एका दाराच्या कामातून मी उरले होते. सूर्यमाळच्या अंगणवाडीत नव्यानेच लागलेल्या नीताताई एकदा बैठकीसाठी जव्हारला आल्या. परतीची जीप भरायला वेळ होता, म्हणून त्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. खडू घेऊन त्यांनी माझ्या अंगावर गोल, चौकोन, त्रिकोण आणि अर्धा चंद्र काढला. चाचांनी त्या खुणांवर खाचा कोरल्या आणि प्रत्येक खाचेत बसेल असा एकेक तुकडा घडवला. पॉलिश पेपरने घासून झाल्यावर त्यांनी माझी कड स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिली.

"हाताला घट्टे पडलेत, त्याला काही कळत नाही," ते नीताताईंना म्हणाले. "गालाला कळतं. पोरांच्या हातात जायची चीज आहे ही."

तो गाल मला अजून आठवतो. दाढी खरखरीत होती, पण स्पर्श मऊ होता.

मग सुरू झाली माझी चांगली वर्षं. सूर्यमाळच्या पोरांनी माझ्या तुकड्यांची नावंच बदलून टाकली. गोल म्हणजे भाकर, चौकोन म्हणजे पाट, त्रिकोण म्हणजे डोंगर आणि अर्धा चंद्र म्हणजे चांद. जी मुलं येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार असत, त्यांना नीताताई माझ्यासमोर बसवत. डोंगर पाटाच्या खाचेत कोंबणारी पोरं मी पाहिली, नाही बसला म्हणून माझ्यावर रुसणारीही पाहिली. नीताताई मध्ये बोलत नसत. स्वतःचे हात मांडीखाली दाबून त्या गप्प बसत. शेवटी एकदाचा तुकडा 'टक्' करून बसला की पोर आधी माझ्याकडे बघे आणि मग ताईंकडे. त्या पोरांतली काही आता मास्तर झाली आहेत, कुणी कचेरीत आहेत. मतदानाला गावी आली की माझ्या खाचेतून बोट फिरवून जातात.

मग एका वर्षी बोहाड्याच्या, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाच्या दिवसांत माझा चांद हरवला. कुणीतरी तो खिशात घालून सोंगं बघायला गेलं आणि त्या गर्दीत तो कुठे पडला, कुणाला कळलं नाही. एक खाच रिकामी राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत रंगीत प्लॅस्टिकच्या खेळण्यांची मोठी पेटी आली. मला कुणी वाईट बोललं नाही. फक्त हंड्याचं झाकण फुटलं होतं आणि माझं माप बरोबर होतं. तेव्हापासून माझ्या खाचा खाली आणि पाठ वर. खालच्या पाण्याचा गारवा माझ्या रिकाम्या खाचेत येऊन बसायचा. पोरांचा आवाज मात्र ऐकू यायचा, तेवढ्यावर मी दिवस काढले.

आता जी गोष्ट सांगते, ती अलीकडचीच आहे.

हल्ली पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेत आणि तिला लागून असलेल्या आमच्या अंगणवाडीत मिळून मेळावा भरतो. पहिला एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. शाळेतले धर्मेंद्र गुरुजी ढोल वाजवत पाड्यापाड्यांतून मुलांना घेऊन येतात. वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात. कुठे उड्या मारायच्या, कुठे चित्र बघून बोलायचं, कुठे बिया मोजायच्या. त्यातून पोराला काय येतं आणि काय अजून शिकवायला हवं, ते गुरुजींना कळतं. एका वर्षी एप्रिलच्या मेळाव्यात प्लॅस्टिकची पेटी मोजण्याच्या टेबलावर गेली आणि आकारांच्या टेबलाला काही उरलं नाही. नीताताईंनी मला हंड्यावरून उचललं, पदराने पुसलं आणि उलटं केलं. किती दिवसांनी माझ्या खाचांत उजेड पडला.

दुपारी माझ्यासमोर हिरी येऊन बसली. आजीचं बोट धरून आली होती. आजीचं नाव गोजाबाई. हिरीचे आईबाप, नवसू आणि रामी, दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जात आणि पोरांनाही सोबत नेत. शिमग्याला सगळे चार दिवस घरी आले, तेव्हा गोजाबाईने नातीला ठेवून घेतलं. पोर सहा वर्षांची झाली, आता शाळेत घालू, असा तिचा हट्ट होता. नवसू 'बघू' म्हणाला होता.

उड्यांच्या टेबलावर हिरी सगळ्यांच्या पुढे होती. चित्रांच्या टेबलावर मात्र तिने तोंड उघडलं नाही. नीताताईंनी माझे तीन तुकडे तिच्यापुढे ठेवले आणि ज्याची त्याची जागा शोधायला सांगितलं. हिरीने तुकड्यांना हातही लावला नाही. तिने माझ्या चांदाच्या खाचेतून हळूच बोट फिरवलं, ती किती खोल आहे ते बघितलं आणि उठून गेली. आली ती खिचडीच्या चुलीतली चिमूटभर राख घेऊन. ती राख तिने खाचेत भुरभुरली. पुन्हा गेली. एप्रिलमध्ये सूर्यमाळला ओली माती शोधावी लागते, पण हंडा जिथे ठिबकत होता तिथे ती होती. तिचा गोळा तिने मळला, माझ्या खाचेत जोराने आपटला, अंगठ्याने कोपऱ्यांत दाबला आणि तळहाताने वरून सपाट केला. मग माझ्याकडे बघत बसून राहिली.

नीताताईंना ते कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. नीताताईंनी दोनदा समजावून सांगितलं, वाट पाहिली आणि मग हिरीच्या कागदावर 'मदत हवी' या शब्दांसमोर खूण केली.

दुसऱ्या दिवशी गोजाबाई अंगणवाडीच्या उंबऱ्यात येऊन बसली.

"ताई, माझी पोर नापास झाली ना?"

नीताताई म्हणाल्या, इथे पास-नापास काही नसतं.

"खूण तं मी बघली. बाकीचे पोरांना एक, माझे पोरीला दुसरी." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नवसूला फोनवर सांगितला. तो बोलला, नापास तं नापास. दिवाळीमांगून भट्टीवर नेऊ, सावळ्याला सांभाळील."

सावळा म्हणजे हिरीचा धाकटा भाऊ, नुकता चालायला लागलेला. नीताताईंनी परत परत समजावलं. गोजाबाई मान हलवत राहिली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. आयुष्यभर तिने एवढंच पाहिलं होतं की शाळेने पोराच्या नावापुढे वेगळी खूण केली की ते पोर गुरं राखायला जातं.

मला मातीसकट खिडकीत ठेवलं होतं. नीताताई खाच धुवायला निघाल्या, तर हिरी आडवी आली. नुसती माझ्यापुढे उभी राहिली. म्हणून नीताताईंनी माती तशीच राहू दिली. उन्हाळाभर हिरी रोज यायची आणि अंगठ्याने माती दाबून बघायची. ऊन सरकलं की मला सरकवायची. बाकीची पोरं डोंगर आणि भाकर घेऊन खेळायची. हळूहळू त्यांच्यात बसून तीही ते तुकडे लावायला लागली. चांदाला मात्र कुणाला हात लावू देत नसे.

जूनच्या मेळाव्याला नवसू आणि रामी भट्टीवरून परत आले होते. नवसू दारातच उभा राहिला. गुरुजींनी आत बोलावलं तरी चपला काढायला तयार होईना.

"गुरुजी, पोरीचा नाव घालू नका," तो खाली बघत म्हणाला. "आम्ही तिला संगती नेऊ."

गुरुजी बोलू लागले. साहेब लोकांसमोर उभं राहावं तसा नवसू ऐकत होता, म्हणजे ऐकत नव्हता. मी लाकूड, मी काय करणार?

तेवढ्यात हिरीने मला खिडकीतून काढलं. जमिनीवर उपडं धरलं आणि पाठीवर मुठीने दोन ठोके मारले. माझ्या खाचेतून मातीचा चांद अलगद सुटला आणि सतरंजीवर पडला. कडा रेखीव, पोट सपाट. तिने मला सुलटं केलं आणि तो परत खाचेत ठेवला. बरोबर बसला.

"हिरे, हे तुला कुणी शिकवलं?" नीताताईंनी विचारलं.

हिरीने हनुवटीने बापाकडे दाखवलं. "बाबा असाच करं. वीट."

आता मात्र नवसूने चपला काढल्या. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. चांद हातात घेतला, नखाने वाजवून आवाज ऐकला.

"राख टाकली होतीस?"

"टाकली."

"म्हणून सुटला." त्याने तुकडा हातात फिरवून पाहिला. मग गुरुजींकडे न बघता म्हणाला, "तिला ही खाच नाय दिसली, गुरुजी. साचा दिसला. जल्मल्यापासून पोर साचाच बघते."

गुरुजी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "त्या दिवशी हे आमच्या लक्षात आलं नाही. पण नवसू, त्या खुणेचा अर्थ एवढाच की हिला मदत लागेल. आमची, आणि तुमचीही. नापास म्हणायला इथे परीक्षाच नाही."

"मंग सावळ्याला कोण बघील?" नवसूने विचारलं. अडचण खरी होती.

उत्तर दिलं ते रामीने. सावळ्याला कडेवर घेऊन ती हंड्यापाशी उभी होती. "ही कवा बघं त्याला? दिवसभर गाऱ्यात बसं. सावळ्याला मीच झोळीत घालं आन् हिलाही मीच धुऊन काढं."

बाया हसल्या. नवसूही हसला. हसता हसता थांबला आणि म्हणाला, "घाला नाव."

रामीने हंड्यातलं पाणी पेल्यात घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून घोट घोट पीत राहिली. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत लेक दिसणार नव्हती, हे तिने स्वतःच आता ठरवलं होतं.

पावसाळ्यात दमट हवेने चांदाचं एक टोक भुरभुरलं. दिवाळीनंतर भट्टीवर जाताना नवसू अंगणवाडीत आला. कच्ची माती किती दिवस टिकणार, म्हणाला. भट्टीत विटांबरोबर भाजून शिमग्याला आणतो. हिरीने चांद फडक्यात बांधून त्याच्या हातात दिला. जीप वळणाआड गेली तरी ती उभीच होती. मग आली आणि माझ्या रिकाम्या खाचेत बोट ठेवून बसली. शाळा सुटल्यावर रोज अशीच येऊन बसायची.

शिमग्याला नवसू आला, तो आधी घरी गेलाच नाही. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून त्याने फडकं सोडलं. चांद लालभडक झाला होता. हिरीने तो माझ्यात ठेवला, तर थोडा सैल बसला.

"बारीक झाला," ती म्हणाली.

"भाजल्यावर होतोच." नवसूने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुझा उलटा झाला."

मित्रांनो, आता हंड्यावर दुसरं झाकण आहे. माझी जागा पोरांमध्ये आहे. जुनी वस्तू मोडकी दिसली म्हणून टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठी विनवणी आहे. शाळेच्या दारात आलेलं लहान पोर तुम्ही मांडलेले तुकडे सोडून काहीतरी वेगळंच करायला लागलं, तर खूण करण्याआधी जरा थांबा. ते कुठून आलं आहे आणि हातात काय घेऊन आलं आहे, ते विचारा. खाच थोडे दिवस तशीच राहू द्या, धुऊ नका.

माझा चांद अजून सैलच आहे. मला कुणी उचललं की तो खडखडतो, आणि शेजारच्या पहिलीच्या वर्गातून एक डोकं खिडकीत वर येतं.