पुढची सीट

"मामा, तुम्ही मागं बसा."

सोरोनकुल मामांचा हात गाडीच्या पुढच्या दारावर होता, तो तिथंच थांबला. कोचकोर गावच्या बाजाराशेजारचा हा टॅक्सीतळ. सूर्यफुलाच्या बिया चावणाऱ्या ड्रायव्हरांची तोंडंसुद्धा थांबली. पांढरी दाढी, उंच पांढरी टोपी, आणि गावात कुणाच्याही घरात दारासमोरची मानाची जागा ज्यांना न मागता मिळते अशा माणसाला त्यांचा सख्खा भाचा चारचौघांत मागं बसायला सांगत होता.

"मागं कोण बसतं?" मामांनी विचारलं.

"आजपासून सगळेच."

पुढच्या सीटवर बटाट्याचं पोतं होतं आणि वर त्याला पट्टा बांधलेला होता. मामांनी पोत्याकडे पाहिलं.

"बटाट्यांना मान आला म्हणायचा," ते म्हणाले आणि जाऊन दुसऱ्या ड्रायव्हरच्या, जोल्दोशच्या गाडीत पुढं बसले. निघताना दोन्ही तळवे पसरून आशीर्वाद द्यायची रीत आहे. तो त्यांनी जोल्दोशच्या गाडीला दिला. भाच्याकडे, शाइलोबेककडे पाहिलंही नाही.

शाइलोबेकला वडील आठवत नव्हते. त्याला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं मामांनी, आणि सामुदायिक शेतीच्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग हातात दिलं तेही मामांनीच. आता तो स्वतः पन्नाशी ओलांडलेला, पण मामांसमोर अजून सिगारेट ओढत नसे. लेकीकडे राजधानीत, बिश्केकला जायचं तर मामा त्याच्याच गाडीनं जात आणि पुढंच बसत. त्यांचं ते बसणं नुसतं मानाचं नव्हतं. गाडी जुनी, जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे. आणि इथं गाड्या चालतात रस्त्याच्या उजव्या बाजूनं. त्यामुळे ट्रकच्या मागं अडकलं की ड्रायव्हरला पुढचं काही दिसायचं नाही, जे दिसायचं ते डावीकडे बसलेल्याला. बोओमच्या खिंडीत मामा मान बाहेर काढून बघायचे आणि म्हणायचे, "मोकळा आहे. घाल." की शाइलोबेक बिनघोर गाडी पुढं घालायचा. मामांचा शब्द कधी चुकला नव्हता.

तशा त्या गाडीच्या खोडी सगळ्या तळाला पाठ होत्या. इंजिन तेल प्यायचं. हीटर एकाच पायाला ऊब द्यायचा. मागचं एक दार फक्त बाहेरून उघडायचं. चावी फिरवली की आतली एक बाई जपानीत काहीतरी सांगायची, आणि ती काय सांगते हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

त्या सकाळच्या आदल्या दिवशी तो बिश्केकला ब्रेक बदलायला गेला होता. इलियार मेकॅनिकनं सहज म्हणून गाडीचा नंबर टाकून पाहिला आणि हात पुसत बाहेर आला. ही गाडी कंपनीनं केव्हाच परत बोलावली होती. एअरबॅग फुगवणारा जो लोखंडी डबा असतो, तो जुना झाला की साध्या धडकेनंही फुटतो आणि तुकडे समोरच्याच्या गळ्यात जातात.

"तू घाबरू नको," इलियार म्हणाला. "तुझ्या बाजूची जपानातच कधीतरी फुटून गेलीय. वर नुसतं झाकण बसवलंय."

"मग डावीकडची काढून टाक की."

"मी नाही हात लावत. ती काढताना एकाचा पंजा गेलाय, मी बघितलंय."

कंपनीच्या दुकानात सांगितलं, ही गाडी आम्ही विकलेली नाही, या देशासाठी ती बनलीच नव्हती, सुटा भाग मिळणार नाही. परत बोलावलंय हे खरं, पण परत जायचं कुठं, हे कुणी सांगेना.

मामा निघून गेल्यावर शाइलोबेकनं हे सगळं तळावर मोठ्यानं सांगितलं. लोक हसले. नशिबात असेल ते होईल, असं जो तो म्हणाला आणि पोतं मागं ढकलून पुढं बसायला गेला. जोल्दोशनं त्याला बाजूला घेऊन शहाणपण शिकवलं. "लांब ओशच्या बाजारात नेऊन फुंकून टाक. तिथं कोण नंबर बघतंय?"

"ज्याला विकीन त्यालाही मामा असेलच की," शाइलोबेक म्हणाला.

मामा बिश्केकहून परतले तेव्हा शाइलोबेकच्या बायकोनं, बुरुलनं, ताज्या रोट्या बांधून दिल्या आणि तो त्यांच्या घरी गेला. त्यानं एअरबॅगच्या डब्याचं सगळं समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मी भिऊन मागं बसू? गाव म्हणेल, सोरोनकुल म्हातारा झाला."

"म्हणू दे."

"मरण यायचंच असलं तर घरात बसूनही येईल, शाइलो."

"येऊ दे. माझ्या हातून नको."

"मग मी तुझ्या गाडीत बसायचा नाही." मामांनी चहाची वाटी पालथी घातली. बोलणं तिथंच संपलं.

शाइलोबेकला राग आला, आणि घरी येताना रडूही आलं. सकाळी उठून त्यानं पाना घेतला आणि पुढची सीटच उपटली. बसायला जागाच नाही म्हटल्यावर भांडणार कोण? पण डावीकडून रस्ता बघणारा डोळाही तिच्याबरोबर गेला. आता तो कोळशाच्या ट्रकमागून रांगत जायचा आणि मागची माणसं करवादायची, की याच्यापेक्षा घोडा बरा. पुष्कळांनी गाडी बदलली. अर्धी गाडी रिकामी जाऊ लागली. जोल्दोश त्याला विचारायचा, तुझी खुर्ची कुठं गेली रे, आणि तळ हसायचा.

"पोचवतो ना?" एवढंच तो म्हणायचा. "मग बसा."

ती सीट त्यानं घरी नेली नाही. तळाच्या तोंडाशी, रस्त्याच्या अगदी कडेला दोन फळ्यांवर मांडून ठेवली. तिच्यावर कुणी बसलं नाही. कुत्रंसुद्धा लांबून जायचं.

थंडी पडायला लागली होती. एके सकाळी मामा काठी टेकत तळावर आले. जोल्दोशनं लगबगीनं पुढचं दार उघडलं. मामा त्याच्या समोरून गेले, फळ्यांवरच्या सीटवर बसले आणि काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. शाइलोबेक खाली उतरला आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात घेतला.

"येताय, मामा?"

"तुझ्या गाडीत बसायचा नाही म्हटलं होतं ना."

"होय."

"मग? माझ्या जागेवर बसलोय. तू नीघ."

तो गाडीत बसला. चावी फिरवताच जपानी बाई बोलली. तळावरून रस्त्याला लागताना बाजाराच्या दुकानांआड डावीकडचं काही दिसायचं नाही. रोज तो बोटबोट पुढं सरकत, देवाचं नाव घेत बाहेर पडायचा. आजही त्यानं तसंच चाक वळवलं, आणि त्याला मामा दिसले. त्यांनी मान लांब करून रस्ता न्याहाळला. एक कोळशाचा ट्रक धूळ उडवत येत होता. त्यांनी काठी आडवी धरली. ट्रक गेला. पुन्हा एकदा नीट बघितलं, आणि काठी वर उचलली.

"मोकळा आहे," मामा म्हणाले. "घाल."