रिकाम्या स्टुलाशी बोलणं

दोघे भाऊ एकाच दुकानात शिवणकाम करायचे, पण वडील गेल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला कापड कापायचा, धाकटा मशीनवर बसायचा. मधल्या स्टुलावर थोरल्याची बायको काज-बटणं करत असे. "त्याला सांग, बाही जरा आत घे," असं थोरला म्हणे. धाकट्याला ते ऐकू गेलेलं असायचं, तरी वहिनीने सांगेपर्यंत तो हात हलवत नसे.

त्यांची बहीण समाजशास्त्र शिकवायची. समाज म्हणजे नुसती माणसं नव्हेत, त्यांच्यातलं बोलणं. उत्तर येणं थांबलं की समाज संपतो, असं ती वर्गात सांगे. भावांचं नातं तिने केव्हाच संपलेल्यात जमा केलं होतं.

एकदा वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली. आता दुकान बंद पडणार, या काळजीने बहीण सुट्टी काढून आली. दुकान चालू होतं.

थोरला रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाला, "त्याला सांग, कॉलर तोकडी पडलीय."

मशीन थांबलं. धाकट्यानेही स्टुलाकडेच बघितलं. "वहिनी, दादाला सांग, कापतानाच तोकडी कापलीय."

थोरल्याने कॉलर मापून पाहिली. "बरोबर आहे म्हणावं त्याचं," असं पुटपुटत त्याने नवी कापायला घेतली.

बहिणीने कसंबसं हसू आवरलं आणि ती स्टुलावर टेकायला गेली.

"तिथं नको!" दोघेही एकदम ओरडले.

ती निमूटपणे कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली.